येणं कधीचं, आलं कधी: संशोधकाच्या घरखर्चाची शीट

(हैदराबादमधल्या मराठी भाषक संशोधक विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात, पीएचडीला नव्याने प्रवेश घेतलेल्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजचा विषय एक्सेलची शीट आहे, हे वाचून काहींना आश्चर्य वाटलं असेल. इथे आपण एरवी जात, राज्यसंस्था, ज्ञानव्यवहार यांवर बोलतो. त्यात घरखर्च कुठून आला? माझं म्हणणं असं आहे की तो या प्रश्नांच्या बाहेरचा नाहीच. आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. आपली फेलोशिप ही अनेक घरांमधली पहिली अशी रक्कम आहे जी दर महिन्याला बँकेत येईल असं कागदावर लिहिलेलं असतं. कागदावर, असं मी मुद्दाम म्हणते. प्रत्यक्षात ती कधी तीन महिन्यांनी येते, कधी सहा महिन्यांनी, आणि मग एकदम येते.

पैशांबद्दल मिळणारा सल्ला ठरलेला असतो. खर्च लिहून ठेवा, चहा-सिनेमा कमी करा, बचतीची सवय लावा. हा सल्ला देणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की पगार एक तारखेला येतो आणि शोधायचं एवढंच की तो गेला कुठे. आपली अडचण वेगळी आहे. आपले पैसे उडण्याच्या आधी अडकतात. म्हणून आपल्या शीटमधली पहिली नोंद खर्चाची नको, येण्याची हवी. आणि तिला दोन तारखा हव्यात: पैसे कोणत्या महिन्याचे आहेत आणि खात्यात कधी जमा झाले. आज मी जे सांगणार आहे ते सगळं या दोन तारखांपासून निघतं.

वही कुणी लिहायची?

येणं, देणं, जमा, उधारी, उचल, बाकी हे शब्द आपल्याला कुणी शिकवावे लागत नाहीत. गावातल्या किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत आपल्या घराचं एक पान असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मुकादमाची उचल आणि तिची बाकी एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाते. आई बचत गटात असेल तर हप्त्याची तारीख घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. म्हणजे हिशोब आपल्याला नवा नाही. फक्त तो बहुतेक वेळा दुसऱ्याने लिहिलेला असतो आणि आपण खाली अंगठा किंवा सही केलेली असते.

१८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. सुप्याहून सुरू झालेल्या त्या उठावात लोकांचा भर कर्जरोखे आणि हिशोबाचे कागद ताब्यात घेऊन जाळण्यावर होता. अक्षर न येणाऱ्या माणसालाही कळत होतं की आपल्यावरची सत्ता त्या कागदात आहे.

बाबासाहेबांनी तर सरकारचीच वही वाचायला घेतली. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. पैसा कुठे गोळा होतो, कुठे खर्च होतो आणि त्यावर निर्णय घेण्याचा अधिकार कुणाकडे असतो, हे प्रश्न त्यांनी साम्राज्याच्या तिजोरीला विचारले. आपण तेच प्रश्न आपल्या ३७ हजारांना विचारायचे आहेत. त्यासाठी वही आपण लिहिलेली हवी.

फेलोशिप म्हणजे नेमके किती पैसे?

आधी आकडे पाहू. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आणि एसआरएफ ४२,००० रुपये आहे. अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपचे दरही हेच. पहिली दोन वर्षं जेआरएफ, मग मूल्यमापन, आणि पुढची तीन वर्षं एसआरएफ. संस्थेच्या वसतिगृहात राहत नसाल तर घरभाडे भत्ता वेगळा.

केंद्रीय विद्यापीठांतल्या नॉन-नेट फेलोशिपवर असणाऱ्यांचा आकडा यापुढे फारच लहान आहे: पीएचडीला महिन्याला ८,०००. २०१५ साली ती बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा दिल्लीत आयोगाच्या कार्यालयाबाहेर विद्यार्थी कित्येक आठवडे ठाण मांडून बसले, म्हणून ती वाचली. मी पुढे उदाहरणं ३७ हजारांची देणार आहे. ज्यांची रक्कम कमी आहे त्यांनी आपला आकडा घालून तीच रीत वापरावी. रक्कम लहान असेल तर ही शीट जास्तच लागते.

आता बेरीज करू. २४ महिने गुणिले ३७,००० म्हणजे ८,८८,०००. ३६ महिने गुणिले ४२,००० म्हणजे १५,१२,०००. दोन्ही मिळून बरोबर २४ लाख. हा आकडा घरी सांगून बघा. कुणाला घराचा स्लॅब दिसेल, कुणाला बहिणीचं लग्न, कुणाला भावाची इंजिनीअरिंगची फी. त्यात चूक काहीच नाही. ज्या घराने एवढी रक्कम कधी एकत्र पाहिली नाही, त्या घराला २४ लाख म्हणजे काहीही करता येईल अशी रक्कम वाटणारच.

पण हे पैसे ६० महिन्यांचे आहेत आणि प्रबंध ६० महिन्यांत जमा होईलच असं नाही. समाजशास्त्रात फील्डवर्क लांबतं, मार्गदर्शक बदलतात, मधे कुणीतरी आजारी पडतं. पीएचडीला सहा वर्षं लागली तर तेच २४ लाख ७२ महिन्यांत वाटले जातात आणि महिन्याला ३३,३३३ रुपये पडतात. सात वर्षं लागली तर २८,५७१. म्हणजे पहिल्या महिन्यात खात्यात ३७ हजार दिसतात तेव्हाही तुमचं खरं मासिक उत्पन्न ३७ हजार नसतं.

म्हणून शीटमध्ये पहिल्याच दिवशी ६० नाही, ७२ ओळी आखा. ६१ ते ७२ या ओळींमध्ये येण्याच्या रकान्यात शून्य लिहा. ते बारा शून्य पाच वर्षं डोळ्यांसमोर राहू द्या. जेआरएफच्या काळात महिन्याला ३,६६७ आणि एसआरएफच्या काळात ८,६६७ बाजूला राहिले, तर पाच वर्षांच्या शेवटी साधारण ४ लाख जमतात. त्यात ते बारा महिने तेवढ्याच खर्चात निघतात.

विभागातल्या इतर संशोधकांना अशा ओळी आखाव्या लागत नाहीत, असंही तुमच्या लक्षात येईल. ज्याचे आईवडील प्राध्यापक किंवा अधिकारी आहेत, ज्याचं शहरात घर आहे, त्याचं सहावं वर्ष घर सांभाळतं. तो त्याला आधार म्हणत नाही. त्याला ते दिसतही नाही. आपल्याकडे सहाव्या वर्षी घर आपल्याकडे बघत असतं. जातीने साठवून दिलेलं भांडवल आणि जातीने नाकारलेलं भांडवल, दोन्ही या बारा ओळींमध्ये सापडतात.

आणि मुदत संपली म्हणून थांबावं लागणं हा आपल्या अभ्यासाचा दोष नाही. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना १९१७ साली लंडनमधला अभ्यास अर्धवट ठेवून परत यावं लागलं होतं. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून केलेली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, एवढं जमवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. पैशाची मुदत आणि अभ्यासाची मुदत जुळत नाही, हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे.

पहिलं पान: येणं

आता शीट. लॅपटॉप नसेल तर फोनवर गूगल शीट्स चालतं, लॅपटॉप असेल तर लिबरऑफिस फुकट मिळतं. तीन पानं करायची.

पहिल्या पानाचं नाव ‘येणं’. एका महिन्याला एक ओळ. रकाने असे: महिना, किती यायला हवे होते, कोणत्या तारखेला यायला हवे होते, किती आले, कधी आले, उशिराचे दिवस. महिना संपला की दुसऱ्या दिवसापासून येणं सुरू झालं असं धरा. उशिराचे दिवस हा रकाना स्वतः भरायचा नाही. आलेल्या तारखेतून यायच्या तारखेची वजाबाकी शीट करते. पैसे आलेच नसतील तर आजची तारीख धरायला सांगायचं, म्हणजे तो आकडा रोज एकने वाढतो.

याच पानावर आणखी चार रकाने ठेवा. मी कागद कधी दिला. मार्गदर्शक आणि विभागप्रमुखाच्या सह्या कधी झाल्या. विद्यापीठाच्या कार्यालयाने पोर्टलवर माहिती कधी भरली. आणि ती मान्य कधी झाली. तुमच्यापैकी ज्यांनी अजून कार्यालयाच्या खेपा सुरू केलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. फेलोशिपच्या पोर्टलवर विद्यापीठातला एक कर्मचारी माहिती भरतो आणि दुसरा तपासून मान्य करतो. त्यांना मेकर आणि चेकर म्हणतात. यातला एक जण रजेवर असेल तर तुमचा महिना तिथेच थांबतो. आपण मात्र ‘दिल्लीहून पैसे आले नाहीत’ एवढंच ऐकत बसतो.

हे चार रकाने भरलेले असले की तुम्ही कार्यालयात जाऊन ‘सर, माझी फेलोशिप कधी येणार?’ असं विचारत नाही. तुम्ही विचारता, ‘माझे कागद १२ तारखेला इथे आले, विभागाची सही १४ ला झाली, पोर्टलवर अजून नोंद नाही, ती आज होईल का?’ पहिल्या प्रश्नाला ‘बघू’ हे उत्तर चालतं. दुसऱ्याला चालत नाही. ज्या कार्यालयांमध्ये आपल्या आडनावावरून आपल्याशी बोलण्याचा सूर ठरतो, तिथे तारखेने बोलणं हे मोठं संरक्षण आहे.

थकबाकी एकदम येते तेव्हा हे पान सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. समजा सहा महिन्यांची फेलोशिप एकाच दिवशी आली. खात्यात २,२२,००० दिसतात. बँकेचा मेसेज लॉटरीसारखा वाटतो. शीटमध्ये मात्र ती रक्कम एका ओळीत लिहायची नाही. सहा ओळींमध्ये ३७-३७ हजार करून वाटायची. मग दिसतं की यातले पाच महिने जगून झालेले आहेत आणि त्यांचं देणं बाकी आहे. हाती उरतो तो बहुतेक वेळा एकच महिना.

उशिराची किंमत

पैसे उशिरा आले तरी आलेच ना, असं कुणी म्हणेल. तर एक हिशोब करू. फेलोशिप सहा महिने अडकली आहे. तुमचं जेवण, खोली, प्रवास आणि घरी पाठवायची रक्कम मिळून महिन्याला २०,००० उसने घ्यावे लागतात, असं धरा. सावकारी दर शेकडा तीन धरा, म्हणजे महिन्याला शंभराला तीन रुपये. पहिल्या महिन्याच्या २०,००० वर सहा महिन्यांचं व्याज, दुसऱ्या महिन्याच्या रकमेवर पाच महिन्यांचं, असं करत शेवटच्या रकमेवर एका महिन्याचं. सहा अधिक पाच अधिक चार अधिक तीन अधिक दोन अधिक एक, म्हणजे २१. गुणिले ६००. एकूण १२,६०० रुपये. घरच्यांनी बचत गटातून शेकडा दोनने उचलले, तरी ८,४००.

हे १२,६०० कुणी भरले? ज्याने उशीर केला त्याने नाही. तुम्ही भरले, किंवा तुमच्या नावावर आईने भरले. सामाजिक शास्त्राच्या संशोधकाला पहिल्या दोन वर्षांत कंटिन्जन्सी म्हणून वर्षाला १०,००० मिळतात. म्हणजे सहा महिन्यांच्या उशिराने पुस्तकांच्या आणि फील्डवर्कच्या वर्षभराच्या पैशापेक्षा जास्त रक्कम व्याजात गेली.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात मजुरी १५ दिवसांत मिळण्याची तरतूद आली आणि पुढे उशीर झाल्यास थकलेल्या मजुरीवर दर दिवसाला ०.०५ टक्के भरपाईचा नियम आला. तो नियम किती पाळला गेला हे आपल्या घरांना माहीत आहे. तरी कायद्याने निदान मान्य केलं की उशीर हे नुकसान आहे आणि ते मोजता येतं. संशोधकाच्या फेलोशिपला अशी भरपाई नाही. म्हणून ते आपण मोजायचं. शीटमध्ये ‘उशिराचं व्याज’ असा एक रकाना करा आणि प्रत्येक उसनवारीसमोर भरलेलं व्याज लिहा. मित्राने व्याज घेतलं नसेल तर शून्य लिहा, पण मित्राचं नाव लिहा. तोही उशिराचा भार उचलतोय.

दुसरं पान: कंटिन्जन्सी

हे पान लहान आहे पण वेगळं ठेवायचं, घरखर्चात मिसळायचं नाही. पहिली दोन वर्षं १०,००० आणि पुढे वर्षाला २०,५००, असे सामाजिक शास्त्रांचे दर आहेत. पुस्तकं, छपाई, फील्डवर्कचा प्रवास अशा कामांसाठी ही रक्कम असते. फर्निचरसाठी नसते.

अडचण अशी की अनेक ठिकाणी आधी स्वतःच्या खिशातून खर्च करावा लागतो आणि बिलं दिल्यावर पैसे परत मिळतात. ज्याच्या खिशात आधी पैसे आहेत त्यालाच ही रक्कम पूर्ण वापरता येते. बाकीचे वर्षाच्या शेवटी घाईघाईने बिलं शोधतात. म्हणून या पानावर रकाने असे: तारीख, कशासाठी, रक्कम, बिल क्रमांक, बिलाचा फोटो कुठे ठेवला, कार्यालयात कधी दिलं, कधी परत मिळाले. थर्मल कागदावरच्या बिलाची शाई काही महिन्यांत उडते, त्यामुळे फोटो त्याच दिवशी काढा. एसटीचं तिकीटसुद्धा.

स्वतःच्या खिशातून घातलेले आणि अजून परत न आलेले पैसे शीटच्या वरच्या ओळीत दिसू द्या. तो आकडा म्हणजे तुम्ही विद्यापीठाला दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे. फील्डवर्कला निघण्याआधी तो आकडा बघूनच निघा.

तिसरं पान: घर

आता अवघड भाग. हिशोबाच्या पुस्तकांत एक सोपा नियम सांगतात: उत्पन्नाचा अर्धा भाग गरजांवर, तीस टक्के आवडीनिवडींवर, वीस टक्के बचत. या नियमात आई कुठे आहे? गावाकडच्या घराचं वीजबिल, वडिलांचं बीपीचं औषध, धाकट्याची आयटीआयची फी हे गरजेत येतं की आवडीनिवडीत? तो नियम एकट्या माणसासाठी लिहिलेला आहे. आपण एकटे इथपर्यंत आलेलो नाही.

म्हणून ‘घरी पाठवले’ हा खर्चातला एक किरकोळ प्रकार म्हणून न ठेवता घराला स्वतंत्र पान द्या. आणि त्याला दोन बाजू ठेवा: माझ्याकडून घराला आणि घराकडून मला. दुसरी बाजू आपण लिहायचं विसरतो. प्रवेशाच्या वेळचं डिपॉझिट, पहिल्या प्रवासाचं भाडं, फेलोशिप सुरू होईपर्यंतचे महिने, हे कुणी भरले? आईने गटातून उचललेले पैसे आणि भावाने पुढे ढकललेलं शिक्षण यातलं पहिलं रुपयात लिहिता येतं, दुसरं येत नाही. जे लिहिता येतं ते लिहा. घराला परतफेड करून मोकळं व्हायला हे लिहायचं नाही. संशोधनाचा खर्च राज्यसंस्थेच्या आधी आपल्या घराने उचलला होता, हे कुठेतरी नोंदलेलं असावं म्हणून लिहायचं.

मुलींनी हे पान जास्त काळजीने लिहावं. मी घरी पैसे पाठवते. पण मुलीच्या पैशावर घर चालतं हे चारचौघांत म्हणायला अजूनही जड जातं. त्यामुळे ते पैसे गुपचूप जातात आणि गुपचूप गेलेले पैसे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. पुढे लग्नाचा विषय निघतो तेव्हा ‘हिच्या शिक्षणावर इतका खर्च झाला’ एवढंच बोललं जातं. शीट भांडायला काढायची नाही. पण आपण काय दिलं हे आपल्याला तरी माहीत असावं.

घरी पाठवायच्या रकमेचे दोन भाग करा. एक ठरलेला वाटा: दर महिन्याला तेवढाच, फेलोशिप आली नसली तरी शक्य असेल तर जाणारा. दुसरा अडीअडचणीचा: दवाखाना, मयत, छप्पर. ठरलेला वाटा लहान असला तरी चालेल. घराला मोठ्या रकमेपेक्षा भरवशाच्या रकमेचा उपयोग जास्त होतो, कारण हप्ते दर महिन्याला येतात.

मोठी मागणी आली तर तिचे महिने करा. समजा बहिणीच्या लग्नासाठी एक लाख हवेत. मघाशी आपण महिन्याला ३३,३३३ धरले होते. म्हणजे एक लाख बरोबर तीन महिने. शेवटच्या बारा शून्यांसाठी ठेवलेल्या पैशातून तीन महिने गेले. हे पाहून तुम्ही नाही म्हणावं असं मी अजिबात सांगत नाही. कधी कधी द्यावेच लागतात आणि द्यायला हवेत. पण घरी फोनवर असं सांगता येतं: ‘आई, एक लाख देते. मग सहाव्या वर्षी तीन महिने माझ्याकडे काही नसेल, तेव्हा मला लागतील.’ बहुतेक आयांना हे लगेच कळतं. त्यांनी आयुष्यभर असाच हिशोब केलेला असतो. ‘माझ्याकडे नाहीत’ हे वाक्य त्यांना लागतं, कारण त्यांना २४ लाखांचा आकडा माहीत असतो आणि उशिराचे दिवस माहीत नसतात. मग हे पहिलं पान घरच्यांना दाखवा. येणं आणि आलेलं यातला फरक त्यांना समजावून सांगावा लागत नाही. रमाई आवासचा हप्ता कसा येतो हे त्यांनी पाहिलेलं असतं.

एकाची शीट आणि सगळ्यांची शीट

शीटने काय होत नाही, तेही सांगते. शीटने फेलोशिप वेळेवर येत नाही. अडकलेला महिना सुटत नाही. आणि ताण आपोआप कमी होत नाही. कधी तो आकडा पाहून वाढतोही.

आपण हैदराबादमध्ये बसून हे बोलतोय, म्हणून एक गोष्ट बोललीच पाहिजे. रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ रोजी शेवटचं पत्र लिहिलं. त्याची फेलोशिप सात महिने थांबलेली होती. त्या पत्रात तो ही थकबाकी लिहून ठेवतो: एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये येणं, ते घरच्यांना मिळावेत. आणि देणंही लिहितो: एका मित्राचे साधारण चाळीस हजार, जे त्या मित्राने कधी परत मागितले नव्हते. ते पत्र आपण त्यातल्या विचारांसाठी वाचतो. त्यातला हिशोबही वाचायला हवा. येणं अडकलेलं, देणं मित्राचं, आणि काळजी घराची. आपल्या प्रत्येकाच्या शीटची तीन पानं तीच आहेत.

म्हणून माझी विनंती आहे की ही शीट एकट्याच्या फोनमध्ये ठेवून गप्प बसू नका. देणं डोक्यावर असताना माणूस ते लपवतो. लपवलं की वाटतं आपलंच नियोजन चुकलं. शेजारच्या खोलीतल्या मित्राचाही तोच महिना अडकलेला असतो आणि तोही तसंच समजत असतो. येण्याच्या पानावरचे फक्त चार रकाने एकत्र करा: फेलोशिपचा प्रकार, महिना, कोणत्या टप्प्यावर थांबला, उशिराचे दिवस. नावं नकोत, घराचं पान तर मुळीच नको, ते तुमचं खासगी आहे. वीस जणांचे हे चार रकाने एका पानावर आले की दिसतं उशीर दिल्लीत होतो की आपल्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मग निवेदन कुणाला द्यायचं हे कळतं. निवेदनाला उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. केंद्राच्या कार्यालयांसाठी अर्जाचं शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या अर्जदाराला शुल्क माफ. अर्जात ‘फेलोशिप वेळेवर का येत नाही’ असं लिहू नका. अमुक महिन्याची यादी कोणत्या तारखेला कोणत्या कार्यालयातून पुढे गेली, त्या तारखा मागा. तुमच्या तारखा आणि त्यांच्या तारखा शेजारी ठेवल्या की तक्रार करावी लागत नाही, कागदच बोलतो.

आज इथून उठल्यावर लगेच सगळी शीट करत बसू नका. फक्त पहिलं पान उघडा. प्रवेशाच्या महिन्यापासून आजपर्यंत प्रत्येक महिन्याची एक ओळ घाला, बँकेच्या पासबुकातून जमा झाल्याच्या तारखा भरा आणि बेरीज करा. आज तुमचं किती येणं बाकी आहे, हा एक आकडा पुढच्या अभ्यासवर्गाला येताना घेऊन या. मीही माझा घेऊन येईन. सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहू आणि पुढे काय करायचं ते तिथे ठरवू.

जय भीम.